त्या खुर्चीवर कोण बसणार?

गेल्या महिन्यात आपल्या लहान ख्रिस्ती समूहांच्या प्रतिनिधींची सभा झाली. विषय होता चर्चच्या हॉलमध्ये महिन्यातून दोन रविवारी कायदा सल्ला केंद्र सुरू करण्याचा. लोकांना परवडेल अशा खर्चात सल्ला मिळावा, अर्ज लिहून मिळावेत, गरज पडल्यास चांगला वकील गाठून द्यावा आणि नागरिक म्हणून आपले हक्क कोणते व कर्तव्ये कोणती याची माहितीही द्यावी, अशी ती कल्पना. सर्वांना ती आवडली. टेबल कुठे मांडायचे, फलक कसा करायचा, उद्घाटनाला कोणाला बोलवायचे, इथपर्यंत चर्चा गेली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मावशींनी विचारले, "सगळं ठीक आहे. पण त्या खुर्चीवर बसणार कोण?"

कोणीतरी हसून दोन-तीन नावे सुचवली. मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नावं नको. माणूस कसा पाहिजे ते सांगा. आपल्या घरातलं भांडण कोणापुढे उघडं करायचं, ते आधी कळायला हवं."

सभा पुढच्या महिन्यावर गेली, पण मावशींचा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. वरवर तो नेमणुकीचा प्रश्न आहे. जरा विचार केला तर तो नीतीचा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या अडचणीच्या वेळी ज्याच्या हाती सल्ला आहे, ओळखी आहेत, कागद आहेत, त्याच्या हाती सत्ताही आहे. ती सत्ता त्याने कशी वापरावी? आणि आपण ती कोणाच्या हाती द्यावी?

मोशे आणि त्याचा सासरा

पवित्र शास्त्रात हा प्रश्न फार जुना आहे. निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे लोकांचा न्यायनिवाडा करायला बसतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक त्याच्याभोवती उभे असतात. त्याचा सासरा इथ्रो भेटीला आलेला आहे. तो हे सारे पाहतो. आपला जावई किती मोठा, लोक त्याला किती मानतात, असे म्हणून त्याला आनंद व्हायला हवा होता. पण इथ्रो जावयाची कानउघाडणी करतो. तू करतोस हे बरे नाही, असे तो स्पष्ट सांगतो. अशाने तू थकून जाशील आणि तुझ्याबरोबर हे लोकही थकून जातील.

आपण सहसा पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतो: पुढारी थकतो. इथ्रोने दुसराही सांगितला आहे: लोक थकतात. एकाच माणसाच्या दारात दिवसभर उभे राहून, आपली पाळी येईल का याची वाट पाहून लोक थकतात. सेवा करणारा कितीही भला असला, तरी सगळी सेवा त्याच्याच हातून व्हावी अशी व्यवस्था लोकांना दुबळे करते.

मग इथ्रो उपाय सांगतो. त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी लोकांना नियम व विधी शिकव, त्यांनी कोणत्या मार्गाने चालावे ते दाखव. त्यानंतर कर्तबगार, देवाला भिणारी, सत्याला धरून राहणारी आणि लाचेचा तिटकारा असलेली माणसे निवड. त्यांना हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नेम. लहान प्रकरणे त्यांनीच मिटवावीत, अवघड तेवढी तुझ्याकडे यावीत. मोशे सासऱ्याचे ऐकतो. एवढा मोठा पुढारी, पण बाहेरून आलेल्या, दुसऱ्या लोकांच्या याजकाचा सल्ला मानताना त्याला कमीपणा वाटत नाही.

कायद्याची मदत देणाऱ्या कोणत्याही संस्थेची सगळी घडण या एका अध्यायात आहे, असे मला वाटते. आधी शिक्षण, मग जबाबदारीची वाटणी, आणि पुढाऱ्याने दुसऱ्याकडून चूक ऐकून घेण्याची तयारी.

फुकट की फी घेऊन?

सभेत एक मुद्दा बराच वेळ घोळला. केंद्रात थोडी फी घ्यावी की सगळे फुकट करावे? काहींचे म्हणणे, चर्चच्या आवारात पैसे घेणे शोभत नाही. काहींचे म्हणणे, फुकट मिळाले की लोकांना किंमत नसते.

निर्णयाआधी आपल्याला एक गोष्ट ठाऊक असायला हवी. गरिबाला कायद्याची मदत मिळणे ही आपल्या देशात कोणाची मेहेरबानी नाही. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३९-अ हे कलम आले. पैशाअभावी कोणीही न्यायापासून वंचित राहू नये, ही जबाबदारी त्याने शासनावर टाकली. पुढे १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. या कायद्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कोणाला मिळू शकतो याची यादी आहे. स्त्रिया व मुले, अनुसूचित जाती व जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले, कोठडीत असलेले आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले सगळे त्यात येतात. स्त्रीला तर उत्पन्नाची अटही नाही. त्यासाठी जिल्हा पातळीवर विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुका पातळीवर विधी सेवा समिती आहे आणि १५१०० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांकही आहे.

आता आपल्या केंद्रात एखादी विधवा बाई आली आणि आपण तिच्याकडून पन्नास रुपये घेऊन अर्ज लिहून दिला, तर पन्नास रुपये काही फार नाहीत. पण मोफत वकील मिळण्याचा तिचा हक्क आहे, हे आपण तिला सांगितलेच नाही, तर ते पन्नास रुपये चुकीचे आहेत. आणि फुकट करून दिले, पण तिला वाटत राहिले की चर्चने माझ्यावर उपकार केले, तर तेही चुकीचेच आहे. जे तिचेच होते ते आपण तिला दान म्हणून दिले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो आदेश काढला, त्याच्या आठव्या परिच्छेदात हीच शिकवण आहे. न्यायाने जे देणे लागते ते आधी द्यावे, ते प्रेमाची देणगी म्हणून पुढे करू नये. दुःखाचे नुसते परिणाम पुसून थांबू नये, त्याची कारणेही दूर करावीत. मदत अशी करावी की घेणारा हळूहळू दुसऱ्यावर अवलंबून राहण्यातून मोकळा होईल. आपल्या केंद्राच्या भिंतीवर फलक लावायचाच असेल, तर या तीन गोष्टींचा लावावा.

म्हणून माझे मत असे: जो हक्काने मोफत मदतीस पात्र आहे त्याला ती वाट आधी दाखवावी. त्याला अर्ज भरायला मदत करावी, लागल्यास त्याच्याबरोबर तालुक्याला जावे. ज्याला थोडे देणे परवडते त्याने थोडे द्यावे आणि त्याची पावती घ्यावी. पावती हातात असलेला माणूस मान वर करून विचारू शकतो, "माझं काम कुठवर आलं?" उपकाराखाली वाकलेला माणूस ते विचारत नाही.

माहिती नसणे हीसुद्धा गरिबी

१९८६ साली सर्वोच्च न्यायालयात सुक दास यांचा खटला आला. अरुणाचल प्रदेशात त्यांच्यावर खटला चालला तेव्हा त्यांच्या बाजूने वकील नव्हता. त्यांनी तो मागितलाही नव्हता, कारण मोफत वकील मिळू शकतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. आरोपीने मागितले नाही म्हणून त्याचा हा हक्क जात नाही, असे ठरले. ज्याला हक्क असल्याचेच माहीत नाही तो मागणार कसा?

आपल्याकडे शिक्षण पुष्कळ झाले. पदवीधर घराघरात आहेत. तरीही पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेल्यावर एफआयआरची प्रत मोफत मिळते, हे किती जणांना ठाऊक आहे? घटना दुसऱ्या हद्दीत घडली तरी कोणत्याही ठाण्याला ती नोंदवून घ्यावी लागते. अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. दहा रुपयांच्या अर्जावर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली सरकारी कार्यालयाला साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. या गोष्टी आपण आपल्या मुलांना कधी सांगितल्या आहेत का?

संत पौलाला आपले हक्क ठाऊक होते. यरुशलेममध्ये त्याला फटके मारण्यासाठी बांधले, तेव्हा त्याने शताधिपतीला शांतपणे विचारले की, चौकशी न करता रोमन नागरिकाला फटके मारणे कायद्याला धरून आहे का (प्रेषितांची कृत्ये २२). त्या एका प्रश्नाने चाबूक थांबला. पुढे त्याने कैसराकडे दाद मागितली. प्रभूसाठी मरायला तयार असलेला माणूस बेकायदा मार मात्र मुकाट्याने खात नाही. त्याच्या भक्तीच्या आड नागरिकत्व आले नाही.

हे शिक्षण एकदा देऊन संपत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले. ज्या कार्यकर्त्याला जुनी कलमे पाठ आहेत आणि त्याचाच ज्याला अभिमान आहे, तो आज चुकीचा अर्ज लिहील. म्हणून खुर्चीवर बसणारा स्वतः विद्यार्थी हवा. "मला हे माहीत नाही, विचारून सांगतो" हे वाक्य ज्याला उच्चारता येत नाही, त्याने सल्ला देऊ नये.

खरी कसोटी

इथपर्यंत सगळे सोपे आहे. आता अवघड भागाकडे येऊ. मावशींना बहुधा हेच विचारायचे होते.

समजा, आपल्याच धर्मग्रामातली एक बहीण केंद्रात आली. वडील वारले, महिन्याची मिस्सा झाली. सातबाऱ्यावर वारस नोंदी लावायच्या आहेत. भावाने हक्कसोडपत्र तयार करून आणले आहे आणि तो म्हणतो, "सही कर, रीतच आहे." ती विचारते, "सही करू का?" आणि तो भाऊ कोण? पॅरिश कौन्सिलवर असलेला, हॉलच्या छपरासाठी मोठी देणगी दिलेला, कदाचित खुर्चीवर बसलेल्या माणसाचा बालमित्र.

कायदा काय सांगतो ते स्पष्ट आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. आईला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलामुलींना सारखे. आई, दोन भाऊ व एक बहीण असतील, तर आईला नवातले तीन भाग आणि तिघा भावंडांना प्रत्येकी दोन. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. केरळातील त्रावणकोर भागात मात्र जुना कायदा चालत होता. त्यात मुलीला मुलाच्या हिश्शाचा एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय या सिरियन ख्रिस्ती शिक्षिकेने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ साली निकाल तिच्या बाजूने लागला. २०२२ मध्ये ती वारली. तिलाही भावाशीच भांडावे लागले होते.

त्याच्याही फार आधी, गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या. वडिलांना मुलगा नाही म्हणून त्यांचे नाव का पुसावे, आम्हांला वतन द्या, अशी त्यांची मागणी. मोशेने "रीत नाही" असे म्हणून त्यांना परत पाठवले नाही. आपल्या मनाने निकालही दिला नाही. त्याने त्यांचे म्हणणे परमेश्वरापुढे मांडले, आणि मुलींचे म्हणणे रास्त आहे असे उत्तर आले. त्या मुलींची पाचही नावे शास्त्रात नोंदलेली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा.

यावर कोणी म्हणेल, बहिणीला भावाविरुद्ध उभे करणे हे चर्चचे काम आहे का? हा आक्षेप हलका नाही. लूकच्या बाराव्या अध्यायात एक माणूस प्रभू येशूकडे येतो आणि भावाला वाटणी द्यायला सांगा म्हणतो. प्रभू त्याला नकार देतो. मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमले, असे विचारतो, आणि लगेच लोभापासून सावध राहायला सांगतो. संत पौलही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात भावांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये म्हणून रागावतो. त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असेही विचारतो.

पण हे उतारे पूर्ण वाचावेत. पौल तिथेच विचारतो की भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? म्हणजे तो शहाणा समाजात असावा, ही त्याची अपेक्षा आहे. आणि अन्याय सोसण्याविषयी बोलून झाल्यावर पुढच्याच ओळीत तो अन्याय करणाऱ्यांना फटकारतो: तुम्ही तर आपल्या भावांनाच लुबाडता. सोसण्याचा उपदेश सोसणाऱ्याने स्वतःला करावा. ज्याने दुसऱ्याचा हिस्सा धरून ठेवला आहे, त्याच्या तोंडी तो शोभत नाही. तसेच प्रभूने वाटणी करण्याचे नाकारले, पण लोभाविषयीचा इशारा तिथे जमलेल्या सगळ्यांना दिला. तो मागणाऱ्यालाही लागू होता आणि न देणाऱ्यालाही.

यातून खुर्चीवर बसणाऱ्यासाठी दोन धडे निघतात. पहिला असा की तो न्यायाधीश नाही. बहिणीने सही करावी की नाही हे त्याने ठरवायचे नाही. तिचा हिस्सा किती, कागदाचा अर्थ काय, सही केल्यावर काय हातचे जाईल, हे तिला समजेल अशा भाषेत सांगायचे. मग ती स्वतः ठरवील. भावाने आईवडिलांचे आजारपण काढले, वाडी राखली, बहिणीचे लग्न लावून दिले, हेही खरे असू शकते. सगळे जाणून, मनापासून तिने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण माहिती नसताना तिच्याकडून सही घेतली तर त्याला मोठेपणा म्हणता येणार नाही. ती फसवणूक आहे, मग ती कितीही प्रेमाने केलेली असो.

दुसरा धडा तडजोडीविषयी. तडजोड चांगलीच आहे. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला यांच्या खटल्यात दोन्ही नातलगांना समेटावर आणले, आणि दुभंगलेल्यांना सांधणे हेच वकिलाचे खरे काम, हे आपण तिथे शिकलो असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. आज लोकअदालतीत समेट झाला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण त्या निवाड्यावर अपील नसते, हेही सही करण्याआधी सांगितले पाहिजे. दोघांनाही सगळे माहीत असेल तेव्हाच तडजोड होते. एकालाच माहीत असेल, तर तिला शरणागती म्हणतात. शांततेच्या घाईत आपण पुष्कळदा दुबळ्या बाजूलाच समजूत घालतो, कारण ती ऐकून घेते. खुर्चीवर बसणाऱ्याला हा मोह रोज होणार आहे.

काही माणसे

असे वागणारी माणसे होऊन गेली आहेत, आजही आहेत. वकिलांचे आश्रयदाते संत इव्हो हे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात १२५३ साली जन्मले. धर्मगुरू झाले, बिशपांच्या न्यायालयात न्यायाधीश झाले, आणि तरीही दुसऱ्या न्यायालयांत गरिबांची बाजू मोबदला न घेता मांडत राहिले. १३०३ साली १९ मे रोजी ते वारले. तोच त्यांचा सणदिवस. जुन्या चित्रांत ते एका श्रीमंताच्या आणि एका गरिबाच्या मधे दिसतात. ती जागा फार अवघड आहे. दोघांच्या मधे असूनही गरिबाचे ऐकू येण्यासाठी त्याच्याकडे थोडे वाकावे लागते.

आपल्या काळातले उदाहरण म्हणजे मुंबईच्या फ्लेविया ॲग्नेस. स्वतःच्या संसारात त्यांनी वर्षानुवर्षे मारहाण सोसली. ते लपवून न ठेवता १९८० च्या दशकात त्यांनी त्यावर लिहिले. मग कायद्याचे शिक्षण घेतले, वकिली सुरू केली आणि 'मजलिस' ही संस्था उभी केली. ही संस्था स्त्रियांचे खटले चालवते आणि वकिलांना व कार्यकर्त्यांना शिकवतेही. ख्रिस्ती स्त्रियांच्या बाबतीत त्या वेळी १८६९ चा जुना घटस्फोट कायदा होता. नवऱ्याला नुसता व्यभिचार सिद्ध करणे पुरे, पण बायकोला त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागासारखे कारणही सिद्ध करावे लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने आणि २००१ साली संसदेने हा भेद दूर केला. विवाह हा आपल्यासाठी संस्कार आहे, तो अतूट आहे. तरीही काही कायदेशीर हक्क, मुलांचा सांभाळ किंवा वारसा राखण्याचा दुसरा मार्गच उरला नसेल, तर दिवाणी घटस्फोट सहन केला जाऊ शकतो, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातच (२३८३) सांगितले आहे. संस्काराचे नाव घेऊन मारहाण झाकता येत नाही.

तिसरे नाव कपिला हिंगोराणी यांचे. बिहारच्या तुरुंगांत खटला न चालताच वर्षे काढणाऱ्या कैद्यांची बातमी वाचून त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ चा तो हुसैनारा खातून खटला. त्यातून पुढे हजारो कैदी सुटले. ज्यांच्यासाठी त्या लढल्या ते त्यांच्या जातीचे, गावाचे किंवा चर्चचे नव्हते. आपल्या केंद्रातही हे लक्षात ठेवावे लागेल. दारात उभा असलेला माणूस आपल्या धर्मग्रामाचा आहे का, हे विचारायचे नाही. वीटभट्टीवरची आदिवासी बाई आणि चाळीतला भाडेकरू यांनाही तीच खुर्ची, तोच पंखा आणि तेवढाच वेळ.

मग माणूस कसा पाहिजे?

मावशींना पुढच्या सभेत मी पुढील उत्तर देणार आहे. चुकत असेन तर सांगा.

त्याचे तोंड बंद असावे. आपले गाव लहान आहे. सकाळी हॉलमध्ये उघडलेली फाइल संध्याकाळी बाजारात पोहोचली, तर दुसऱ्या महिन्यात कोणीही येणार नाही, आणि न येणेच बरोबर ठरेल.

हिशेब उघडा असावा. पैसे किती आले, कोणाकडून आले, कशावर खर्च झाले, हे दर वर्षी चर्चच्या फलकावर लागावे. इथ्रोने लाचेचा तिटकारा असलेली माणसे सांगितली. लाच नेहमी पाकिटातच येते असे नाही. ती देणगी म्हणून येते, सत्कार म्हणून येते, निवडणुकीच्या तिकिटाची आशा म्हणूनही येते. केंद्राच्या कामावर ज्याला मते मागायची आहेत त्याने आधी केंद्र सोडावे.

ज्याच्याशी आपले नाते, मैत्री किंवा व्यवहार आहे त्याचे प्रकरण आले, तर त्याने उठून दुसऱ्याला बसवावे. एकाच वकिलाने दोन्ही बाजूंना सल्ला देऊ नये, हा साधा नियम आहे. आपणही तो पाळावा. भावाला सल्ला हवा असेल तर त्यालाही मिळावा, पण दुसऱ्या माणसाकडून, दुसऱ्या टेबलावर.

आणि त्याने आपल्या जागी दुसरे तयार करावेत. दहा घरांमागे एक जण तरी असा हवा ज्याला अर्ज लिहिता येतो, जो घाबरलेल्या माणसाबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन शांतपणे बसू शकतो. इथ्रोचे दहांवरचे नायक ते हेच. विधी सेवा प्राधिकरणही २००९ पासून अशा स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याची योजना चालवते. आपली तरुण मुले-मुली त्यात का जाऊ नयेत? खुर्चीची मुदत ठरावीक असावी, तीन वर्षे म्हणा. मुदत संपल्यावर केंद्र बंद पडले, तर त्या माणसाने सेवा केली असेल, पण पुढारीपण केले नाही. तो गेल्यावरही दर रविवारी टेबल मांडले जात असेल आणि येणारे आधीपेक्षा अधिक जाणते असतील, तर त्याने मोशेचे काम केले.

मावशींच्या प्रश्नाचे माझे उत्तर थोडक्यात असे: ज्याला वेळ आल्यावर त्या खुर्चीवरून उठता येते, त्यालाच तिथे बसवावे.

पण एक प्रश्न मलाही विचारायचा आहे, आणि तो आपल्या सर्वांना आहे. उद्या त्या टेबलापुढे आपली स्वतःची बहीण येऊन बसली आणि "सही करू का?" असे तिने विचारले, तर खुर्चीवरच्या माणसाने तिला खरे सांगावे असे आपल्याला वाटेल का? तसे वाटत असेल, तर आपण केंद्र सुरू करायला तयार आहोत. वाटत नसेल, तर फलक रंगवण्याआधी आपल्याला आपापल्या घरी जाऊन कपाटातला एखादा जुना कागद पुन्हा वाचावा लागेल.

प्रभू येशूने एका विधवेची गोष्ट सांगितली आहे. ती न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जात राहिली. त्या गोष्टीत तिच्याबरोबर जाणारे कोणीच नाही. आपल्या धर्मग्रामातली विधवा, बहीण, मजूर आणि भाडेकरू यांना त्या वाटेने एकटे जावे लागू नये, एवढे बळ आणि एवढी सचोटी प्रभू आपल्याला देवो.